कोऱ्या नमुन्यावरचा ठिपका

"ताई, जरा इकडे येता का?"

मृणाल पुसदकर खिडकीपाशी उभी होती. फवारणीची बाटली तिच्या हातात तशीच होती आणि समोर काचेची प्लेट भिंतीला टेकवून ठेवलेली होती. हाक मारताना तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. ते ऐकूनच मी हातातलं फनेल खाली ठेवलं.

प्लेटवर खालून वर जाणाऱ्या तीन रांगा होत्या. डावीकडे खात्रीचा नमुना, म्हणजे भांग घेतल्याचं आधीच ठाऊक असलेल्या माणसाच्या लघवीचा. मध्ये कोरा नमुना, ज्याने आयुष्यात कसली नशा केली नाही अशा माणसाचा. उजवीकडे पोलिसांकडून आलेला. रंग फवारला की डावीकडे लाल ठिपका उठायचाच. उजवीकडे उठला तर तो माणूस अडकला, नाही उठला तर सुटला. मधली रांग स्वच्छच राहायची. तुळशीच्या कट्ट्यासारखी.

त्या दिवशी उजवी रांग स्वच्छ होती. मधल्या रांगेत लाल ठिपका होता. चांगला ठसठशीत, कुंकवाएवढा.

"मधली रांग कोणाची?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"भाऊजींची," मृणाल म्हणाली. म्हणजे आमच्या ह्यांची.

खरं सांगते, पहिल्यांदा मला काय वाटलं असेल तर आनंद. पोरगी चुकली. अखेर चुकली.

आमची प्रयोगशाळा वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याच्या गावी होती. दोन खोल्या, एक व्हरांडा, समोर कडुलिंब. खून, विषप्रयोग, दारू, गांजा, अशा प्रकरणांतल्या बाटल्या सीलबंद होऊन आमच्याकडे यायच्या. वझलवार साहेब प्रमुख. त्यांच्या हाताखाली मी कितीतरी वर्षं काम करत होते. प्लेटा तेव्हा विकत मिळत नसत, आम्हीच बनवायचो. सिलिकाची पांढरी पूड पाण्यात कालवायची, पुरणपोळीच्या कणकेइतकं जपून, आणि काचेवर एकसारखा पातळ थर द्यायचा. माझा थर कधी फाटला नाही की कुठे जाड झाला नाही. साहेब माझी प्लेट उजेडासमोर धरायचे आणि म्हणायचे, "याला म्हणतात हात! धाबेकर बाई, तुम्ही घरी घावन कसे घालत असाल!" एवढ्यावर मी आठवडा काढत असे.

मग मृणाल आली. मुंबईहून शिकून आलेली, लांब वेणी, वेणीला रोज वेगळी रिबीन. लघवीतली भांग शोधायची नवी पद्धत तिला येत होती.

"आपण आजवर भांगेतलं द्रव्य शोधत होतो, ताई," तिने पहिल्याच आठवड्यात मला ऐकवलं. "पण शरीर ते तसंच ठेवत नाही. त्याचं दुसरंच काहीतरी करून बाहेर टाकतं, आणि तेही कितीतरी दिवस. ते दुसरं शोधायला हवं."

"म्हणजे आमचे आजवरचे रिपोर्ट चुकीचे?"

"चुकीचे कशाला? आपण चुकीच्या घराचं दार वाजवत होतो, एवढंच."

साहेब मोठ्याने हसले होते. माझ्या कुठल्या बोलण्यावर ते असे हसले होते, ते मी दिवसभर आठवत बसले. एकही आठवलं नाही.

साहेब तिला नुसतं 'पुसदकर' म्हणत, जसं ते बरोबरीच्या पुरुषांना म्हणत. मी 'धाबेकर बाई'. ऐकणाऱ्याला वाटेल, बाई म्हणणं म्हणजे मान. मला विचारा. त्या एका 'बाई'मुळे मी घावनांच्या तव्यापाशी राहिले आणि ती साहेबांच्या टेबलाशी जाऊन बसली. चहा आला की कप तिच्यापुढे आधी. आणि प्लेटा? प्लेटा मीच बनवायची. माझ्या प्लेटांवर तिचे ठिपके उठायचे.

कोरा नमुना मात्र माझ्या घरचा होता. त्यावर माझाच हक्क. फार पूर्वी साहेबांनी विचारलं होतं, "कोणाच्या घरी अगदी निर्व्यसनी माणूस आहे का?" मी लगेच हात वर केला होता. आमचे हे भूमापन कार्यालयात होते. सुपारीचं खांड तोंडात टाकत नसत, चहाही नाही. साहेबांनी विचारलं, दारू? नाही. विडी? नाही. तंबाखू? शिवायचे नाहीत. तेव्हापासून लागेल तेव्हा सकाळी मी ह्यांची बाटली पिशवीत घालून नेत असे. काढ्याची जुनी बाटली होती ती, बुचाची. नमुना मोजून काढला की बाटली तिथेच घासून, उपडी घालून, संध्याकाळी घरी परत. आमची रीतच होती ती. मृणाल आल्यापासून मात्र आधीचा, बर्फात साठवलेला नमुनाच पुरला होता; तो संपल्यावर ताजी बाटली नेली ती त्या दिवशीच. मी साहेबांना अभिमानाने म्हणायची, "आमच्या ह्यांच्यासारखा स्वच्छ नमुना अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही."

आणि आता त्या नमुन्यावर लाल ठिपका!

साहेबांना बोलावलं. त्यांनी प्लेट उचलली, चष्मा कपाळावर चढवला, जवळून पाहिली.

"पुसदकर, हे काय?"

"मलाही कळत नाही, सर."

"दोन्ही बाटल्या एकाच वेळी उघडल्या होत्या?"

"एकामागून एक, सर. शेजारी शेजारी होत्या, पण चिठ्ठ्या लावल्या होत्या."

"सर," मी म्हणाले, "नव्या माणसांची घाई असते. हातून अदलाबदल होते कधीकधी." हे मी अगदी मायेने म्हणाले. मायेने बोललं की जास्त लागतं.

मृणालचा चेहरा उतरला. "ताई, मी अदलाबदल केलेली नाही."

"मग आमच्या घरी भांग शिजते म्हणायचं का?"

ती वहीतली नोंद पुन्हा वाचू लागली.

"पुन्हा करून बघू," साहेब म्हणाले.

"नमुना संपला, सर. पोलिसांनी पाठवला होताच जेमतेम. आणि भाऊजींची बाटली..."

"मी घासून ठेवली," मी म्हणाले.

तेवढ्यात व्हरांड्यात सायकल लागली. इंगळे हवालदार आत आले. नमुना त्यांनीच आणला होता. जिनिंग कारखान्याला आग लागून कापसाच्या गंजी जळाल्या होत्या. मालकाचं म्हणणं, इंजिनावरच्या ओंकार नावाच्या माणसाने गांजा ओढला आणि पट्टा घासतोय हे त्याला कळलंच नाही. ओंकार म्हणत होता, पट्टा बदला म्हणून मी महिनाभर सांगत होतो. गांजा काय आणि भांग काय, झाड एकच; आमच्या रिपोर्टवर सगळं ठरायचं होतं.

"झालं का बाई?" इंगळ्यांनी टोपी काढून घाम पुसला. "लवकर करा ना बावा. त्या पोराची माय ठाण्यासमोर बसून हाय. जेवत नाही, उठत नाही. मले येता-जाता इचारते, सायेब, त्या बाटलीत काय निंगालं?"

"उद्या या," साहेब म्हणाले.

ते गेल्यावर साहेबांनी प्लेट टेबलावर ठेवली. "अदलाबदल झाली असेल तर भांग त्या ओंकारच्या नमुन्यात होती. नसेल झाली तर..." ते माझ्याकडे पाहून थांबले. "बाई, उद्या धाबेकरांचा ताजा नमुना आणा. हे द्रव्य टिकतं म्हणते ना पुसदकर? मग आज होतं तर उद्याही असेल. उद्याचा कोरा निघाला, तर बाटल्या बदलल्या होत्या, असं मी लिहीन. आणि पुसदकर, मग ही पद्धत आपण तुझ्या हाती ठेवायची की नाही, त्याचाही विचार करावा लागेल."

"हो सर," मृणाल म्हणाली. तिने प्लेट उचलून कपाटात ठेवली. कपाटाचं दार तिने दोनदा लावून पाहिलं. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळी मी घरी तरंगतच आले. हे रोजच्यासारखे महादेवाच्या देवळाकडून फिरून आले, पाय धुतले आणि पाटावर बसले. त्या दिवसांत ह्यांना संध्याकाळी फार भूक लागायची, त्यातही गोडाची. मी शिरा केला होता. हे खात होते आणि मी बोलत होते.

हे माझं रोजचं सुख होतं, ते सांगायला हवं. दिवसभर कितीही जळले तरी संध्याकाळी ह्यांच्यापुढे सगळं ओतता यायचं. पूर्वी हे चिडायचे, मध्येच उठून जायचे. पण अलीकडे किती बदलले होते! डोळे अर्धे मिटून, गालात हसत, माझा शब्द न् शब्द ऐकायचे. एकदाही अडवायचे नाहीत. मला वाटायचं, इतक्या वर्षांनी नवऱ्याला आपली किंमत कळली. साहेबांकडे राहिलेलं उणं ह्यांच्या त्या हसण्याने भरून निघायचं.

"...आणि मग अस्सं तोंड झालं तिचं!" मी म्हणाले. "उद्या दूध का दूध होईल. सकाळी बाटली तेवढी भरून द्या."

ह्यांचं हसू तसंच राहिलं, पण शिऱ्याचा घास हातात थांबला.

"उद्या नको," हे म्हणाले.

"नको म्हणजे? साहेबांनी मुद्दाम मागवलीय."

"दुसऱ्या कोणाची ने. शेजारच्या दामोदरची ने."

"दामोदरभाऊ तपकीर ओढतात. असं काय करता?"

ह्यांनी घास खाली ठेवला. जरा वेळ शिऱ्यातला बेदाणा बोटाने इकडून तिकडे सरकवत बसले.

"सिंधू, ती पोरगी चुकलेली नाही."

"कोण?"

"तुझी मृणाल. बाटली बरोबर होती. देवळातले दुबे महाराज रोज संध्याकाळी एक गोळी देतात. महादेवापुढे ठेवलेली."

"भांगेची?"

"प्रसादाची."

"अहो, मी साहेबांना सांगितलंय की ह्यांना कसलंही व्यसन नाही!"

"नाहीच आहे," हे मनापासून म्हणाले. "दारू नाही, विडी नाही, तंबाखू नाही. तुला विचारलं तेव्हा तू खरंच सांगितलंस. प्रसादाला कोणी व्यसनात धरतं का? माझे वडीलही घ्यायचे."

"कधीपासून चाललंय हे?"

ह्यांनी बेदाणा ताटाच्या कडेला लावला.

"अहो, कधीपासून?"

"पुसदकर बाई तुमच्याकडे लागल्या, त्या सुमारापासून."

कुठे कुठे जाऊन आलं मन! देवळाच्या रस्त्यावरच त्या मुलीचं भाड्याचं घर होतं.

"तिचा काय संबंध?"

"तिचा काहीच नाही. मी तिला अजून पाहिलंही नाही. पण तिने काल कोणत्या रंगाची रिबीन लावली होती, ते मी सांगू शकतो. साहेबांनी तिला कप आधी दिला की नंतर, तेही सांगू शकतो. तू रोज तिला घरी घेऊन येतेस, सिंधू. जेवायला आपल्या तिघांची पानं मांडल्यासारखं होतं." हे अगदी हळू, न चिडता बोलत होते. त्याचंच मला जास्त लागत होतं. "आधी मला त्रास व्हायचा. डोकं दुखायचं. तुला बोलावं तर तू रडणार. एक दिवस देवळात बसलो होतो, महाराज म्हणाले, घ्या, चिंता महादेवाला द्या. घेतली. त्या दिवशी तू बोलत होतीस आणि मला ते दूर कुठे भजन चाललंय तसं वाटलं. छान वाटलं."

"म्हणजे तुम्ही ऐकत नव्हतात?"

"ऐकत होतो ना. टोचत नव्हतं, एवढंच."

मी ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. तिथेच उभी राहिले. ते मिटले डोळे, ते गालातलं हसू, माझ्यासाठी नव्हतं. ते त्या गोळीचं होतं. तिकडे साहेबांचं हसू मृणालने नेलं आणि इकडे ह्यांचं हसू दुबे महाराज नेऊन बसले. माझ्या वाट्याचं म्हणून कुठे काही उरलंच नव्हतं.

रात्री मी शिऱ्याची कढई उगाच घासत बसले.

सकाळी मी काढ्याची बाटली घेऊन न्हाणीघरात गेले. ह्यांना मागायची मला गरजच नव्हती. मला कसलं व्यसन नव्हतं आणि प्रसादही नव्हता. माझी बाटली भरून नेली असती तर ती कोणाची ते काचेच्या प्लेटला थोडंच कळणार होतं? मधली रांग स्वच्छ निघाली असती. साहेबांनी प्लेट उजेडाला धरली असती, म्हणाले असते, धाबेकर बाई, तुमचंच बरोबर. आणि मृणालच्या जागी पुन्हा मी. हे सगळं मी बाटली हातात धरून पाहिलं, अगदी डोळ्यांसमोर घडल्यासारखं.

बाहेरून ह्यांनी विचारलं, "सिंधू, ती त्या पोराची आई... अजून बसली असेल का गं ठाण्यासमोर?"

म्हणजे ह्यांनी ऐकलं होतं. इंगळे हवालदारांचं बोलणं मी बोलता बोलता एका वाक्यात सांगितलं होतं, मृणालच्या उतरलेल्या चेहऱ्याच्या वर्णनात घुसडून. माझ्या सगळ्या पुराणातून ह्यांनी नेमकं तेवढं उचललं होतं.

मी दार उघडलं आणि बाटली ह्यांच्या हातात दिली. "भरा," म्हणाले. त्या माउलीसाठी म्हणाले, की ह्यांची लाज चव्हाट्यावर यावी म्हणून म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

त्या दिवशीची प्लेटही मीच घातली होती. मृणालने रांगा मांडल्या, द्रावण चढू दिलं. तिघंही प्लेटसमोर बसलो. मग तिने फवारा मारला. मधल्या रांगेत ठिपका उमलला, कालच्यापेक्षाही गडद.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, बाटली नक्की धाबेकरांचीच?"

"ह्यांचीच. माझ्यासमोर भरलीय."

"पण तुम्ही तर म्हणाला होता..."

"तो प्रसाद आहे, सर. महादेवाचा. रोज संध्याकाळी घेतात."

साहेबांचे ओठ थरथरले. त्यांनी रुमाल काढला, खोकल्यासारखं केलं, पण शेवटी त्यांना राहवलं नाही. खुर्चीत मागे रेलून ते खो खो हसले. इतकी वर्षं मी ज्या हसण्यासाठी झुरले, ते मिळालं ते असं.

मृणाल हसली नाही. ती म्हणाली, "सर, म्हणजे अदलाबदल झाली नव्हती. ओंकारचा नमुना निर्दोष आहे."

"आढळलं नाही असं लिही," साहेब डोळे पुसत म्हणाले. "आणि सहीही तूच कर, पुसदकर. आजपासून या तपासणीवर तुझीच सही."

इंगळे हवालदार कागद घेऊन गेले. सायकलवर बसता बसता ओरडले, "बाई, त्या बुढीले आज मी आपल्या हातानं च्या पाजतो बगा!" ते मला म्हणाले की मृणालला, कळलं नाही. आम्ही दोघी व्हरांड्यात उभ्या होतो.

मी काचा धूत होते तेव्हा मृणाल शेजारी येऊन उभी राहिली.

"ताई, तुम्ही दुसरी कुठलीही बाटली आणू शकला असता."

"सुचलंच नाही गं."

"सुचलं असेल," ती म्हणाली, आणि माझ्या हातातली काच घेऊन पुसू लागली. "मला सुचलं असतं."

काय करावं अशा पोरीचं? आता तिच्या समजूतदारपणाचाही हेवा करायचा!

ह्यांनी त्या दिवसापासून देवळात जाणं बंद केलं. मी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी घरीच बसायचे, शिरा अर्धा टाकायचे. मी काही सांगू लागले की कपाळाला आठी पडायची. "मग तू काय म्हणालीस?" "मग तुला त्याचं काय?" असे मध्ये मध्ये प्रश्न. खरंखुरं ऐकायला लागले होते ना! त्यामुळे मीच बोलणं कमी केलं. आमच्या घरात नुसता घड्याळाचा आवाज येऊ लागला. मला ते मिटले डोळे आठवायचे. माझ्यासाठी नव्हते, कबूल, पण माझ्या समोर तर होते.

पावसाळा सरता सरता वरची जागा निघाली. साहेबांच्या खालोखालची, कोर्टात साक्षीला जाण्याच्या मानाची. ती मृणालला मिळाली. माझं नाव यादीत होतं, असं साहेब म्हणाले. धाबेकर बाई, तुमचं नाव होतं बरं का. तिने पेढे वाटले, मला वाकून नमस्कार केला, वर हातात दोन पेढे जास्त ठेवले, "भाऊजींसाठी" म्हणून. त्या दिवशी तिची रिबीन मोरपंखी होती.

आता साहेब नाहीत, हे नाहीत. मृणाल दिवाळीला फोन करते, अजून ताई म्हणते, आणि तिचा आवाज अजून खणखणीत आहे, माझा नाही, हे मी दर दिवाळीला नोंदवते. पण पेढ्यांच्या दिवशीची ती संध्याकाळ माझ्याजवळ आहे.

मी घरी आले तेव्हा हे दारात खुर्ची टाकून बसले होते. माझं तोंड पाहून सावरून बसले. घशाशी सगळं आलं होतं: जागा, नमस्कार, पेढे, रिबीन. मी पिशवी खाली ठेवली, पेढ्यांची पुडी ह्यांच्या हातात दिली आणि कोपऱ्यातल्या ह्यांच्या चपला आणून पुढे ठेवल्या.

"अहो, आज महादेवाला जाऊन या," मी म्हणाले. "मग सांगते."

ह्यांनी पुडी उघडून पाहिली. एकदा पेढ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग चपला घातल्या. फाटकापाशी जाऊन वळले.

"आज जरा जास्त आहे का गं सांगायचं?"

"हो," मी म्हणाले. "आणि थोडा प्रसाद मलाही आणा."